रेसकोर्सवरची भाषा: भाव, टोट, टनाला आणि मधला कट

तू विचारलंयस की पुण्याच्या रेसला मित्रांबरोबर पहिल्यांदा गेलास, सगळे फोरकास्ट, टनाला, एसएचपी असं काय काय बोलत होते, एकाच घोड्यापुढे बुकीच्या बोर्डावर २५/१० आणि टोटच्या, म्हणजे क्लबच्या तिकीट-खिडकीच्या, स्क्रीनवर ३५ लिहिलेलं, आणि यातलं खरं काय ते कुणी धड सांगेना. वर रेसबुक, म्हणजे त्या दिवसाच्या रेसची पुस्तिका, कसं वाचायचं आणि क्रिकेटवाले "४०-४२" म्हणतात ते काय, हेही विचारलंस. सगळं सांगतो, फक्त तू विचारलंस त्या क्रमाने नाही. माझी उभी नोकरी टोटच्या खिडकीच्या आतल्या बाजूला गेली, त्यामुळे मला घोड्यांपेक्षा तिकिटं जास्त कळतात, हे धरूनच वाच.

आधी २५/१० आणि ३५. दोन्ही एकच आहे. बुकी सांगतो तो फक्त नफा, म्हणजे १० लावले आणि घोडा आला तर २५ नफा, आणि तुझे १० परत. टोट सांगतं ते १० रुपयांच्या तिकिटाला एकूण हातात किती पडणार, तुझे १० धरून. म्हणून ३५. नवीन माणूस हमखास इथे फसतो, त्याला वाटतं टोट १० रुपये जास्त देतंय आणि तो धावत खिडकीवर येतो. टोटच्या आकड्यातून १० वजा कर आणि मग बुकीशी ताड, झालं. फेवरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसा लागलाय तो घोडा, फार गरम असेल तर बुकी शंभरावर भाव लिहितो, म्हणजे ६०/१०० असेल तर १०० लावून नफा ६०, टोटच्या भाषेत हेच १६ रुपये.

आता भाव लिहिला असला म्हणजे घोड्याचा चान्स तेवढाच आहे असं नाही, आणि खरी गोम इथेच आहे. एक रेस घेऊ, पाच घोडे. भाव समज १०/१०, २०/१०, ४०/१०, ६०/१० आणि ९०/१०. आता असं कर, की कुठलाही घोडा आला तरी तुला बरोबर १०० रुपये परत मिळाले पाहिजेत. पहिल्यावर ५० लावावे लागतील, दुसऱ्यावर ३३ रुपये ३३ पैसे, तिसऱ्यावर २०, चौथ्यावर साधारण १४ रुपये ३० पैसे, पाचव्यावर १०. बेरीज मार, १२७ रुपयांच्या वर जाते. म्हणजे सगळे घोडे घेऊनसुद्धा तू १२७ देऊन १०० घेतोयस, वरचे २७ हा बुकीचा कट, आणि तो बोर्डावर कुठेच लिहिलेला नसतो, तो भावात मुरलेला असतो. भाव खाली आला, चढला, "पैसा आला", "बाजार तुटला" असं ओरडणाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहून कुणी ही बेरीज करत नाही. तू एकदा कर, फोनवर दोन मिनिटांचं काम आहे, प्रत्येक घोड्यासाठी भावातल्या पहिल्या आकड्यात १० मिळव आणि त्याने १००० ला भाग. बेरीज ११५ च्या आसपास असेल तर बुकी दिलदार समज, १३० च्या पुढे गेली तर चहा प्यायला जा.

टोटचा कट याउलट उघडा असतो. टोटमध्ये तू क्लबशी किंवा बुकीशी खेळतच नाहीस, बाकीच्या पब्लिकशी खेळतोस. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये पडतात, त्यातून ठरलेले टक्के कापले जातात आणि उरलेलं जिंकणाऱ्या तिकिटांमध्ये वाटलं जातं. समज विनचा पूल २ लाखांचा झाला आणि २० टक्के कापले, राहिले १ लाख ६० हजार. जिंकलेल्या घोड्यावर एकूण ४० हजार लागले होते तर रुपयाला ४, म्हणजे १० च्या तिकिटाला मिळणारी रक्कम, तिला डिव्हिडंड म्हणतात, ४० रुपये. त्याच घोड्यावर सव्वा लाख लागले असते तर हिशोब १२ रुपये ८० पैशाचा येतो, आणि वरचे पैसे कापून १२ जाहीर होतात. ते ८० पैसे कुठे गेले हे मला खिडकीवर शेकडो लोकांनी विचारलंय. हाही कटच आहे, छोटा, पण गरम फेवरिटवर चांगलाच जाणवतो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. बुकीकडे पावती घेतली त्या क्षणी तुझा भाव पक्का झाला, नंतर तो तुटला काय नि वाढला काय, तुला काही फरक पडत नाही. टोटमध्ये स्क्रीनवर दिसतो तो आत्ताचा अंदाज असतो, गेट उघडेपर्यंत तो हलत राहतो, आणि मोठा पैसा मुद्दाम शेवटच्या दोन मिनिटांत येतो. ५० बघून तिकीट काढलं आणि ३१ मिळाले म्हणून खिडकीवर भांडायला येणारे लोक दर रविवारी असायचे. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसायचा, मी आपला पुढच्या माणसाला हात करायचो.

आता पूलची नावं. विन म्हणजे घोडा पहिला आलाच पाहिजे. प्लेस म्हणजे पहिल्या दोन-तीनात आला तरी चालेल, किती नंबरांपर्यंत पैसे मिळणार ते किती घोडे पळतायत त्यावर ठरतं, सात घोड्यांच्या रेसमध्ये तिसरा आला म्हणून नाचायच्या आधी ते बघून घे. एसएचपी म्हणजे सेकंड हॉर्स पूल, यात तुझा घोडा दुसराच यायला हवा. पहिला आला तरी पैसे गेले! हे पटत नाही लोकांना. घोडा जिंकतो, पोरगं टाळ्या पिटत खिडकीवर येतं आणि मी तिकीट परत देतो, तेव्हाचा चेहरा बघवत नाही. फोरकास्ट म्हणजे पहिला आणि दुसरा, त्याच क्रमाने. क्विनेला म्हणजे तेच दोन, पण क्रम कसाही. टनाला म्हणजे पहिले तीन, क्रमाने. ट्रेबल म्हणजे ठरलेल्या तीन रेसचे विनर, आणि जॅकपॉट म्हणजे ओळीने पाच रेसचे विनर, त्याच्या पूलचा ७० टक्के भाग पाचही बरोबर असणाऱ्यांना आणि ३० टक्के भाग चार बरोबर असणाऱ्यांना जातो.

टनालाचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुझ्या मित्रांनी तुला तेच गळ्यात मारलेलं दिसतंय. चार घोडे निवडले आणि "बॉक्स मार" म्हटलं की ऐकायला एक तिकीट वाटतं, पण चारातून तीन क्रमाने म्हणजे ४ गुणिले ३ गुणिले २, चोवीस कॉम्बिनेशन झाली. दहाच्या हिशोबाने २४० रुपये, आणि त्यातलं जास्तीत जास्त एक लागणार, बाकीची तेवीस तू मरायलाच विकत घेतलीस. पाच घोडे घेतलेस तर साठ होतात. जॅकपॉटलाही तेच, पहिल्या रेसला २ घोडे, मग ३, मग १, मग २, मग ४ घेतलेस तर गुणाकार ४८. तो मधला "१" आहे ना, त्याला बँकर म्हणतात, म्हणजे ज्याच्यावर तू डोळे झाकून बसलायस तो. बँकर गेला की पाचचा जॅकपॉट तिथेच गेला, फार तर चारवाल्या भागाची आशा राहते, बाकीचे कितीही घेतलेले असोत. माझं मत विचारशील तर नवीन माणसाने वर्षभर टनालाच्या वाटेला जाऊच नये. चार-पाच आकडी डिव्हिडंड बोर्डावर दिसतो, तो ज्याला मिळाला त्याने किती कॉम्बिनेशन घेतली होती ते मात्र कुठेच दिसत नाही. आणि अशा किचकट पूलवर कापले जाणारे टक्केही सहसा विन-प्लेसपेक्षा जास्त असतात.

आता कराचं, कारण याने सगळी गणितं बदलली आहेत आणि जुने लोक अजून जुन्याच आकड्यांत बोलतात. आधी बेटच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कमिशनवर नाही हां, पूर्ण रकमेवर. हा कर तिकिटाच्या किमतीत धरलेला आहे की वरून लागतोय हे खिडकीवर किंवा बुकीला आधी विचार, लाजू नको. वरून लागत असेल तर काय होतं बघ. १०० ची बेट तुला १४० ला पडली. २५/१० ला घोडा आला, हातात ३५०. नफा २५० नाही, २१०, आणि तो १४० वर, म्हणजे तुझा खरा भाव १५/१० झाला. ६०/१०० चा फेवरिट घेतलास तर हातात १६० येतात, १४० गेलेले, राहिले २०. आणि ४०/१०० चा घोडा आला तर हातात १४०, खर्च १४०, म्हणजे जिंकूनही शून्य. तरी लोक "सेफ आहे" म्हणून ४०/१०० चा फेवरिट घेतात! त्यात घोडा हरायचा धोका तुझा आणि जिंकल्याचा फायदा दुसऱ्यांचा. बोर्डावरचा कट, त्यावर हा कर, हे सगळं धरून रोज खेळणारा माणूस वर्षाच्या शेवटी वर कसा राहील ते मला कळत नाही, आणि मी तरी खिडकीच्या आतून तसे फार कमी बघितलेत.

रेसबुकाकडे वळू. इथे खरा रस आहे. पहिली चूक सगळे करतात ती नंबरांची, घोड्याचा नंबर वेगळा आणि ड्रॉ वेगळा. नंबर म्हणजे खोगिराखालच्या कापडावर असतो तो, तिकीट त्यावर घ्यायचं. ड्रॉ म्हणजे सुरुवातीला गेटमधल्या कितव्या खणात उभा राहणार तो. ड्रॉचा आकडा वाचून तिकीट घेतलेली माणसं मी बघितली आहेत, आणि एकदा तिकीट निघालं की बदलून मिळेल या भरवशावर राहायचं नाही.

मग येतं रेटिंग, म्हणजे घोड्याच्या कुवतीला दिलेले पॉइंट, आणि वजन. बहुतेक रेस हँडिकॅप असतात, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून सगळ्यांना एका पातळीवर आणायचा प्रयत्न. क्लास फोर, रेटिंग २० ते ४६ असं लिहिलेलं असेल तर ४६ रेटिंगचा घोडा समज ६२ किलो घेऊन पळणार आणि २० वाला ४९, म्हणजे २६ पॉइंटला १३ किलो, पॉइंटला अर्धा किलो. घोडा जिंकला की हँडिकॅपर त्याचं रेटिंग वाढवतो, पुढच्या वेळी वजन वाढतं किंवा क्लासच वर जातो, हरत राहिला की खाली येतो. म्हणूनच "घोडा आता क्लास थ्रीमधून फोरमध्ये उतरलाय" या वाक्याला रेसकोर्सवर इतका भाव असतो. तो खालच्या क्लासमध्ये वरच्या वजनाने पळणार, हे दुसरं अर्धं वाक्य मात्र कुणी बोलत नाही, ते तू बघायचं. जॉकीच्या नावापुढे अप्रेंटिस असं असेल तर त्या पोराला शिकाऊ म्हणून काही किलोची सूट असते. रेटिंगवर वजन न ठरणाऱ्या रेसला टर्म्स म्हणतात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला महालक्ष्मीला इंडियन डर्बी होते, २४०० मीटर, चार वर्षांच्या घोड्यांची, ती अशी, तिथे वजन ठरलेलं आणि फिलींना, म्हणजे तरुण घोड्यांना नाही तर घोडींना, थोडी सूट. मेडन म्हणजे ज्याने अजून एकही रेस जिंकलेली नाही असा घोडा.

मागच्या रेसच्या निकालात १/२, नेक, हेड, शॉर्ट हेड, नोज असं जे असतं ते दोन घोड्यांमधलं अंतर. एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी, साधारण आठ फूट. घोडा चौथा आला एवढंच वाचू नको, किती लेंथने चौथा ते वाच, दीड लेंथमध्ये चौथा आलेला आणि बारा लेंथने दुसरा आलेला यातला मी कधीही पहिलाच बघेन.

सकाळच्या सरावाच्या नोंदी असतात त्या अशा दिसतात: "१००० मी. १-६, ६००/३९, मूव्हड वेल". म्हणजे हजार मीटर १ मिनिट ६ सेकंदात, त्यातले शेवटचे सहाशे ३९ सेकंदात, आणि घोडा मजेत पळाला. "प्रेस्ड" किंवा "अर्ज्ड" लिहिलं असेल तर जॉकीने ढकलून ढकलून तो टाइम काढलाय, म्हणजे त्या टाइमला तेवढी किंमत नाही. "ईझी" असेल आणि तरी टाइम बरा असेल तर थांबून पुन्हा वाच. आणखी एक, आउटर सँड की इनर सँड ते बघ, वाळूवरचा टाइम आणि गवतावरचा टाइम एकमेकांशी ताडत बसू नको. टिप देणाऱ्यांच्या पंधरा ओळींपेक्षा ही एक ओळ मला जास्त सांगते.

पुण्याला पावसात सीझन असतो, मुंबईचा नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत, त्यामुळे गोइंग म्हणजे जमीन कशी आहे हा शब्द पुण्याला जास्त ऐकू येतो. पेनेट्रोमीटर नावाचं साधन जमिनीत किती घुसतं त्यावर एक आकडा देतात, आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. काही घोडे चिखलात खुलतात, काहींचं तोंड वाकडं होतं, आणि हे त्यांच्या जुन्या पावसाळी रेसवरूनच कळतं. फॉल्स रेल्स लावल्यात असं लिहिलं असेल तर आतल्या कडेचं खराब झालेलं गवत सोडून कुंपण बाहेर सरकवलंय, अशा दिवशी आधीचे टाइम जसेच्या तसे धरायचे नाहीत.

रेस संपल्यावरचे शब्द थोडेच आहेत पण पैशाचे आहेत. घोडा पहिला दिसला म्हणून पहिला नसतो. फोटो फिनिश होतो, मग ऑब्जेक्शन येऊ शकतं, म्हणजे दुसऱ्या घोड्याचा जॉकी तक्रार करतो की मला आडवं आलं, किंवा स्ट्यूअर्ड, म्हणजे रेसवर नजर ठेवणारे अधिकारी, स्वतः इन्क्वायरी लावतात, आणि नंबर बदलू शकतात. ऑल क्लिअर, म्हणजे निकाल पक्का झाल्याची घोषणा, होईपर्यंत तिकीट फाडू नको आणि उडवू नको. हरलेली समजून टाकलेली तिकिटं शोधत जमिनीकडे बघत फिरणारी माणसं रेसकोर्सवर असतात, ती उगाच नाही फिरत. डेड हीट म्हणजे दोघं अगदी बरोबर, मग डिव्हिडंड वाटला जातो. घोडा गेटमध्ये शिरायलाच तयार नसला आणि काढून टाकला तर विड्रॉन, टोटवर त्याचे पैसे परत. बुकीकडे मात्र तू दुसऱ्या घोड्यावर लावले असशील तरी तुझ्या भावातून काही कापलं जाऊ शकतं, कारण समोरचा एक तगडा घोडा कमी झाला, तो नियम आधी विचारून घे.

आता तुझं ४०-४२. क्रिकेटच्या बुकीचा भाव दोन आकड्यांचा असतो आणि तो फेवरिट टीमचा असतो. "लावलं" तर ४०, म्हणजे फेवरिटवर १०० लावले आणि ती जिंकली तर ४० नफा. "खाल्लं" तर ४२, म्हणजे तू फेवरिटच्या विरुद्ध बसलास, ती हरली तर तुला १००, जिंकली तर तुझे ४२ गेले. मधले २ पैसे बुकीचे, कोण जिंकतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बघ, इथेही कटच. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, सेशन म्हणजे ठराविक ओव्हरांत किती रन होतील त्यावरचा सौदा. समजून घ्यायला ठीक, पण हे आपल्याकडे बेकायदा आहे, १८८७ च्या जुगारबंदी कायद्यापासून, आणि २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवरही बंदीचा कायदा केला. घोड्यांची रेस वेगळी धरली जाते कारण १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने के. आर. लक्ष्मणन खटल्यात ती कौशल्याची म्हटली. फरक कागदावरचाच नाही, रेसकोर्सवर तुझ्या हातात तिकीट असतं आणि पैसे अडले तर दाद मागायला क्लबचं ऑफिस असतं, फोनवरच्या बुकीने बुडवलं तर कुणाकडे जाणार? उधारीवर खेळायला देतो म्हणणारा तर त्याहून वाईट, त्याच्या वसुलीची पद्धत तुला नको असेल.

पुढच्या वेळी जाशील तेव्हा रेसबुक आदल्या संध्याकाळीच घे, दोन रेस नीट वाच आणि बाकीच्या सोडून दे. रेसच्या आधी पॅडॉककडे जा, घोडे गोल फिरवतात तिथे, घाम किती आलाय, कोण शांत चालतोय ते बघ, त्याला पैसे पडत नाहीत. लावायचंच असेल तर विन किंवा प्लेस. आणि मोठं काही लागलंच तर १० हजारांच्या वर एकाच तिकिटावर जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के टीडीएस कापून हातात देतात, सकाळपासून हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत, तेव्हा पॅन कार्ड बरोबर ठेव आणि कापल्याचा कागद मागून घे.